तीन पावलांवरची पेटी

१

टाचणीबाईच्या तोंडात त्या वेळी अकरा टाचण्या होत्या, म्हणूनच ती किंचाळली नाही. एरवी तिच्या किंचाळीने खालच्या चौकातली कबुतरं उडाली असती.

"ताई," दारात तिची धाकटी बहीण उभी होती. हातात मेणाचा फडका आणि चेहरा त्या फडक्याहून पांढरा. "ताई, मुद्रा गेली."

टाचणीबाईने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. या कामात घाई केली की टाचणी पोटात जाते, हे ती शिवण शिकताना पहिल्याच महिन्यात शिकली होती.

"गेली म्हणजे? तिला काय पाय फुटले?"

"थट्टा नको गं! पेटी रिकामी आहे. नुसती गादी उरलीये."

आता ही मुद्रा कसली, ते आधी सांगायला हवं, नाहीतर धाकटी एवढी का घाबरली ते कळायचं नाही.

शहराबाहेर नदीकाठी एका मठाच्या तीन भिंती अजून उभ्या आहेत. आठशे वर्षांपूर्वी तिथे लढवय्ये साधू राहायचे. सकाळी प्रार्थना, दुपारी तलवार. आणि गरीब इतके की दोघांत मिळून एक झगा! ते सगळं मातीला मिळाल्यावर कितीतरी शतकांनी शहरातल्या फ्रीमेसन नावाच्या गुप्त बंधुसंघाच्या मंडळींनी आपल्यातल्या एका आतल्या पंथाची शाखा काढली आणि तिला नाव दिलं त्या मठाचं. नावाबरोबर नियमही उचलले. अध्यक्षाला म्हणायचं मठपती, एकमेकांना म्हणायचं बंधू. अंगावर पांढरे झगे; ते शिवायचं काम टाचणीबाईकडे, आणि जमिनी मेणाने चमकवायचं धाकटीकडे. साधूंकडे कुलपं नव्हती, म्हणून इथल्या एकाही पेटीला कुलूप नाही. आणि मठाच्या स्थापनेच्या दिवशी दुपारचं जेवण अगदी मौनात, साधूंसारखं. मीठ हवं, पाणी हवं, तर बोटांनी खुणा करायच्या. एक खूण टाचणीबाईला फार आवडायची. दोन बोटं उभी धरून त्यांवर दुसऱ्या हाताचा तळवा पालथा घालायचा. अर्थ असा, की मला तुझ्या झग्यात घे. म्हणजे, मला मदत कर.

मुद्रेवर नेमकं तेच चित्र होतं, एका झग्याखाली दोन साधू. मोठ्या नाण्याएवढी, शिशाची. साठ वर्षांपूर्वी मठाच्या पडक्या भिंतींत सापडलेली. शाखेचा सगळा जीव त्या एवढ्याशा तुकड्यात होता, आणि आज दुपारी दोन वाजता वस्तुसंग्रहालयाच्या बाई ती तपासायला येणार होत्या. पहिल्यांदाच.

"ताई, पेटी ठेवलेल्या दालनाची किल्ली माझ्याकडे होती," धाकटी म्हणाली.

२

दालनाच्या दारात तीन माणसं उभी होती आणि त्यांना आत शिरू न देता चौथी धाकटी. टाचणीबाईच्या आधी धावत येऊन तिने दार अडवलं होतं.

"बाजूला हो," मठपती म्हणाले. ते पेशाने दातांचे डॉक्टर. कुणीही बोलायला लागलं की त्यांची नजर आपोआप त्याच्या दाढांकडे जायची.

"नाही होणार! मेण ओलं आहे." चोरी झाली म्हणून काय झालं, जमीन ती जमीन.

दारातूनही सगळं दिसत होतं. काळ्या-पांढऱ्या चौकटींची लाकडी जमीन, समोरच्या भिंतीशी मठपतींची उंच खुर्ची, आणि दाराच्या उजव्या हाताला, अगदी तीन पावलांवर, काचेची पेटी. झाकण उघडं. आत टाचणीबाईनेच शिवलेली निळी गादी, मध्ये गोल खळगा. गादीचं माप घेताना तिने एकदाच ती मुद्रा हाताळली होती, आणि तिच्या टाचणीचं टोक मुद्रेवर टेकून वाकलं होतं. तेव्हा तिला स्वतःच्याच धांदरटपणाचा राग आला होता.

"किल्ली कुणाकडे होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे. दहाला मेण लावून झालं, दार लावलं, किल्ली खुंटीला अडकवली आणि फडकी धुवायला मागच्या अंगणात गेले. अकराला येऊन बघते तर..."

"खुंटीवरची किल्ली कुणीही काढेल," टाचणीबाई म्हणाली.

"कोण कुणीही? खाली दरवान बसलाय. तो म्हणतो, सकाळपासून बाहेरचं माणूस आलं नाही. बाकीचे बंधू अजून यायचेत. वर फक्त आम्ही तिघं आणि तुम्ही दोघी. आम्ही एकमेकांसमोर खिसे उलटे करून दाखवलेत."

"आणि झग्यांचं काय?"

"झग्यांना खिसेच नसतात, बाई. तुम्हीच शिवता ना?"

खरंच होतं ते.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "साडेबाराला आम्ही जेवायला बसू. एकदा बसलो की मौन. मौन सुटलं की माझा पहिला शब्द पोलिसांशी असेल. तोवर मुद्रा जागेवर आली, तर मी कुणाला काही विचारणार नाही." आणि हे 'कुणाला' म्हणताना ते थेट धाकटीच्या दाढांकडे बघत होते.

टाचणीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौदा वर्षं ही पोरगी लोकांच्या जमिनी चमकवत होती. आठ घरांच्या आणि दोन कचेऱ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या आणि तेवढंच तिचं भांडवल होतं. एकदा चोर म्हटलं, की संध्याकाळपर्यंत दहाही किल्ल्या परत मागितल्या जाणार.

"साडेबारा ना?" ती म्हणाली. "बरं. मग तोवर हे दार कुणी ओलांडायचं नाही."

आणि ती सरळ उंबऱ्यावर आडवी झाली, जमिनीला गाल लावून.

"हे काय चाललंय?" डॉक्टर दचकले.

"झग्याची खालची कड सरळ आहे का, ते असंच बघतात," टाचणीबाई म्हणाली. मग एकदम तिचा आवाज बदलला. "धाकटे, तू मेण लावलंस त्यावरून कोणीतरी चाललंय."

३

खिडकीतून उजेड तिरपा येत होता. उभ्याने काही दिसत नव्हतं, पण गाल टेकवला की ओल्या मेणावर मंद डाग उमटलेले दिसत. पावलं! सपाट तळव्यांची, जराशी फरपटलेली. या दिवशी सगळे बंधू एकाच चांभाराने शिवलेले सारखे मऊ जोडे घालायचे, त्यामुळे जोड्यावरून माणूस ओळखायची सोय नव्हती.

"ती हिचीच पावलं," तिघांनी वाकून पाहिल्यावर डॉक्टर म्हणाले.

"माझी?" धाकटी उसळली. "मी गुडघ्यांवर बसून मागे मागे सरकत दारापर्यंत येते. मेण लावल्यावर त्यावरून चालायला मला वेड लागलंय का?"

पण ती पावलं जात कशी होती, ते पाहून टाचणीबाई चक्रावलीच. पेटी दाराच्या उजवीकडे तीन पावलांवर. पावलं वळली होती डावीकडे! डाव्या भिंतीच्या कडेने, कोपऱ्यात काटकोनात वळून, समोरच्या खुर्चीपुढून, परत काटकोन, उजव्या भिंतीने खाली, परत काटकोन, आणि मग कुठे पेटीपाशी. तीन पावलांसाठी साठ पावलं. तेही चोरी करताना, कुणी येईल या धास्तीत!

"चोराला काय हवा खायची होती?" धाकटी पुटपुटली.

टाचणीबाई कपडे झटकून उठली आणि एकेकाला गाठायला निघाली.

डॉक्टर वाचनाच्या खोलीत भाषण पाठ करत होते. "मला इथे येऊन आठ वर्षं झाली, या शाखेत टाचणीसुद्धा हरवली नाही," ते म्हणाले. मग समोर कोण आहे ते लक्षात येऊन खाकरले. "म्हणजे... तुम्ही समजलात."

"दहा ते अकरा कुठे होतात?"

"इथेच. भाषण. आणि दातांच्या डॉक्टरला शिशाचा तुकडा कशाला हवाय हो?"

चिटणीस भेटले जिन्यात, हातात पाहुण्यांची यादी. शाळेत इतिहास शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एवढ्या गोंधळातही त्यांचा उत्साह उतू चालला होता.

"बाई, मी इथे येऊन पाच वर्षंही झाली नाहीत आणि मीच त्या संग्रहालयाच्या बाईंना गळ घालून बोलावलं! त्या मुद्रेच्या कडेला बारीक ओरखडा काढून बघणार होत्या. शिसं किती जुनं, त्यात काय मिसळलंय, सगळं कळतं हल्ली. आपल्या शाखेचं त्या मठाशी नातं आहे, हे एकदाचं सिद्ध झालं असतं. आणि नेमकं आजच!"

"हे त्या करणार आहेत, ते कुणाकुणाला माहीत होतं?"

"परवाच्या बैठकीत मीच सांगितलं. टाळ्या पडल्या!"

तिसरे खिळेआजोबा. वय ब्याऐंशी, शाखेतले सगळ्यात जुने बंधू. तरुणपणी छापखान्यात होते. शिसं वितळवून छपाईचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, ओतायचे, म्हणून हे नाव पडलं. मुद्रा सापडली ती त्यांनाच. बाविसाव्या वर्षी, मठाच्या भिंतीखाली उकरताना. ते जेवणघराबाहेरच्या बाकावर बसले होते, झगा घालून तयार. सकाळी दहालाच त्यांनी तो टाचणीबाईकडून नेला होता. म्हणाले होते, मला बाह्या सापडायला वेळ लागतो.

"आजोबा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" त्यांनी काठीवर हात चोळले. "पोरी, गेली ती गेली. माणसं काय, वस्तू काय. जेवण झालं की आम्ही सगळे नदीवर जाणार, मठाच्या भिंतींपाशी. तिथे मन शांत होतं."

"माझ्या बहिणीला पोलिस नेणार आहेत, आजोबा."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "काहीतरी होईल," एवढंच म्हणाले.

बाराला वीस मिनिटं होती आणि टाचणीबाईच्या हाताला धागा लागत नव्हता.

४

धागा लागला तो जेवणघराच्या दारात.

बाकीचे नऊ बंधू आले होते. मास्तरांची खुर्ची होती दाराला लागून उजवीकडे. मास्तर आत आले आणि डावीकडे वळले! लांबलचक टेबलाला अख्खा वेढा घालून, प्रत्येक कोपऱ्यात टाच जुळवून काटकोनात वळून, आपल्या खुर्चीपाशी पोहोचले. त्यांच्यामागून दुसरे. तिसरे. पाण्याचा जग घेऊन आलेले बंधूसुद्धा तसेच, घड्याळाच्या काट्यासारखे.

"मास्तर!" टाचणीबाईने दारातूनच हाक मारली. "खुर्ची तर इथेच होती की!"

"हो, मग?"

"मग एवढं फिरून का गेलात?"

मास्तर गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. "आम्ही असेच चालतो. मधून कुणी जात नाही, उलटं कुणी फिरत नाही. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. आता घरीसुद्धा माझी बायको हसते, म्हणते मोरीत जायला आधी देशाटन करून येतात."

टाचणीबाई हसली नाही. म्हणून तर त्या तिघांना ती पावलं बघून काहीच वावगं वाटलं नव्हतं! धाकटी चोर असती तर उजवीकडे तीन ढांगा टाकून मोकळी झाली असती. चोरीच्या घाईतही ज्याचे पाय अख्खी फेरी मारतात, तो बंधूच. आणि सकाळी वर बंधू होते तिघेच.

पण तिघांतला कोण?

ती धावत दालनाकडे गेली, पुन्हा उंबऱ्यावर आडवी झाली. धाकटी तिथेच स्टुलावर बसून पहारा देत होती.

"ताई, आता मला रडू येतंय हं."

"दोन मिनिटं थांब, मग रड. ते बघ, डाव्या भिंतीच्या मधोमध. पावलं थांबलीयेत. दोन्ही जुळलेली, तोंड भिंतीकडे. खुर्चीपुढे थांबला असता तर समजलं असतं, मान लववायची असते. पण तिथे थांबलाच नाही, म्हणजे त्याला घाईच होती. मग त्या कोऱ्या भिंतीपुढे का थांबला? तिथे आहे काय?"

"काही नाही. दोन लोखंडी आकडे आहेत, वर. मी दर महिन्याला त्यांची जाळी काढते."

दोन आकडे.

टाचणीबाई उठली, झग्यांच्या खोलीत गेली, आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक जड घडी ओढून काढली. शाखेचं जुनं निशाण. कसर लागलेलं. ती नवीन नवीन कामाला लागली तेव्हा स्वतः शिडीवर चढून तिने ते त्या आकड्यांवरून उतरवलं होतं, दुरुस्तीसाठी. 'सावकाश होऊ द्या' असं तेव्हाच्या मठपतींनी म्हटलं आणि ते इतकं सावकाश झालं की त्याला वीस वर्षं लोटली. त्याआधी म्हणे येणारा प्रत्येक बंधू निशाणापुढे पाय जुळवून उभा राहायचा.

डॉक्टरांना शाखेत येऊन आठ वर्षं. मास्तरांना पाचसुद्धा नाहीत. दोघांनी हे निशाण भिंतीवर कधी पाहिलंच नव्हतं.

जेवणघरातली घंटा वाजली. साडेबारा. मौन सुरू झालं.

५

बारा पांढरे झगे, बारा ताटल्या आणि चिडीचूप. चमचा टेकला तरी दणका वाटावा अशी शांतता. टाचणीबाई उशी मनगटाला बांधून आत शिरली.

डॉक्टरांनी हाताने जोरजोरात खूण केली, बाहेर व्हा! तिने ती पाहिली आणि खुशाल न पाहिल्यासारखं केलं. ओरडता येत नव्हतं ना त्यांना! आठशे वर्षांचा नियम आज पहिल्यांदाच तिच्या कामी येत होता.

ती डावीकडे वळली, कोपऱ्यात काटकोनात वळली, आणि टेबलाच्या टोकाला आजोबांच्या खुर्चीमागे जाऊन थांबली.

त्यांचा झगा डावीकडे ओढला गेला होता. गळाही तिरका झाला होता. झगा सरळ पडावा म्हणून ती प्रत्येक झग्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे छोटे वजनी तुकडे घालायची, दोन्ही बाजूंना मोजून सारखे, आणि ते बदलता यावेत म्हणून शिवणीत दोन बोटं जातील एवढी फट ठेवायची. तिच्या हातचा झगा असा लंगडा पडणं शक्यच नव्हतं.

ती गुडघ्यांवर बसली. दुमड चाचपली. एक तुकडा, मऊ, नख रुतणारा. दुसरा, मऊ. तिसरा मोठा, गोल. त्यावर नख घसरलं.

आणि तिला ती वाकलेली टाचणी आठवली. शिसं मऊ असतं, टाचणी त्यात रुतते. टाचणी वाकवणारं टणक शिसं असतं एकाच ठिकाणी, छापखान्यात. हजारदा दाबलं तरी अक्षर झिजू नये, म्हणून त्यात दुसरा धातू मिसळतात. सांगितलं कुणी होतं? आजोबांनीच! झगा घालून बघताना, गप्पांच्या ओघात.

म्हणजे ही मुद्रा चोरीला गेली होती ती आठशे वर्षांची म्हणून नाही. आठशे वर्षांची नव्हती म्हणून!

ती मुद्रा काढून टेबलावर आपटू शकली असती. हात शिवशिवतही होते. पण वर पाहिलं तर आजोबांनी चमचा खाली ठेवला होता आणि त्यांना सगळं कळलं होतं.

टाचणीबाईने दोन बोटं उभी धरली. त्यांवर दुसरा तळवा पालथा घातला. मग मानेनेच दाराकडे दाखवलं. तिथे चौकटीला टेकून धाकटी उभी होती, आणि कमरेच्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून तिने त्या मुठीत घट्ट धरल्या होत्या.

एक क्षण गेला. दुसरा गेला. डॉक्टर ताटावरून उठायला लागले.

"बसा, डॉक्टर," खिळेआजोबा म्हणाले.

साठ वर्षांत त्या जेवणात उच्चारलेले ते पहिले दोन शब्द. बारापैकी अकरा माना गर्रकन वळल्या.

६

"चार जण होतो आम्ही," आजोबा उभ्याने बोलत होते, मुद्रा समोर ताटलीत. "छापखान्याच्या माळ्यावर जमायचो. संघाच्या वरिष्ठांनी विचारलं, मठाचं नाव घेता, नातं काय तुमचं? नुसतं नावच असेल तर शाखा बंद करा. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी खिळे वितळवले. चित्र कोरलं, मुद्रा ओतली, भिंतीखाली पुरली आणि चार दिवसांनी सगळ्यांसमोर उकरून काढली. काय जल्लोष झाला होता! मग सांगायचं राहूनच गेलं. एक वर्ष राहिलं, की पुढची आपोआप राहतात."

"आणि आज?" मास्तरांनी विचारलं.

"आज मुद्रा नदीत सोडणार होतो. काठीची ठकठक होऊ नये म्हणून ती दाराबाहेर ठेवून आत गेलो. हरवली म्हणजे खोटी ठरत नाही. बाहेरचा चोर आला असं समजतील, वाटलं होतं." ते धाकटीकडे वळले. "नंतर कळलं तुझ्यावर आलंय. तू दारात उभी होतीस, आणि मी काठी धरून गप्प बसलो. मुद्रा ओतली ते एक वेळ पोरवयाचं. पण आजची ही दीड तासाची चूक, ब्याऐंशीव्या वर्षाची."

मौन आता सुटलंच होतं.

डॉक्टर घसा खाकरून धाकटीपाशी आले. "हे बघ... गैरसमज..."

"तसं नको," धाकटी म्हणाली. "मघाशी दालनाच्या दारात म्हणालात ना, सगळ्यांसमोर? तिथेच चला. आणि खालच्या दरवानालाही वर बोलवा. त्याला वाटतंय मी चोर आहे."

तर बारा बंधू आणि दरवान दालनाच्या दारापाशी उभे राहिले आणि दातांच्या डॉक्टरांनी, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, की या बाईंनी काही चोरलं नाही, माझी चूक झाली, मी माफी मागतो.

दोन वाजता संग्रहालयाच्या बाई आल्या. आजोबांनी स्वतः मुद्रा त्यांच्या हातात ठेवली आणि ओरखडा काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. बाईंनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "खोटी आहे," त्या म्हणाल्या, "पण हात काय सुरेख आहे हो."

आजोबा दालनाच्या दारात आले तेव्हा धाकटी मेणाचा डबा उघडत होती. ती पावलं घासून काढायची होती ना! त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दोन बोटं उभी केली आणि त्यांवर तळवा धरला.

धाकटीने पाहिलं. मग डब्याचं झाकण परत लावलं.

"आज नाही, आजोबा," ती म्हणाली. "उद्या सकाळी येईन जमीन करायला. तेव्हा बघू."

"चल गं," टाचणीबाईने तिचा दंड धरला. "माझी पिशवी सकाळपासून त्या खुर्चीमागच्या खोलीत राहिलीये."

खोलीचं दार होतं समोर, दालनाच्या त्या टोकाला. सगळे बंधू बघत होते. धाकटीने एकदा डावीकडे पाहिलं, जिथून साठ वर्षं सगळे गेले होते. चौदा वर्षं ती या जमिनीवर फक्त गुडघ्यांवर सरकली होती.

मग दोघी बहिणी हातात हात घालून काळ्या-पांढऱ्या चौकटींवरून सरळ मधून चालत गेल्या. ठसठशीत पावलं उमटवत.